जुने ते सोने? स्वस्तातल्या बास गिटारीचा हिशेब

‘जुने ते सोने’ ही म्हण आपल्याकडे भांड्यांपासून गाण्यांपर्यंत सगळ्याला लावली जाते. वाद्यांच्या बाजारात मात्र ती नुसती म्हण राहिलेली नाही, तिला भाव फुटला आहे. ‘जुना माल आहे, आता असा बनत नाही’ एवढे वाक्य उच्चारले की किंमत वर जाते आणि घेणाऱ्याचा हात खिशाकडे जातो. हे वाक्य कधी खरे असते आणि कधी नुसते बोलणे असते, हे बास गिटारीच्या उदाहरणावरून पाहू. विषय थोडा वेगळा वाटेल. पण ज्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी वाद्यवृंदात वाजवते, त्या घराला तो जवळचा आहे. कारण तिथे प्रश्न छंदाचा नसतो. भिशीचे, बोनसचे किंवा सोसायटीच्या कर्जाचे पैसे एका वाद्यात घालायचे असतात आणि ते वाद्य पुढे चार पैसे मिळवून देणार असते.

नाव नसलेला आवाज

बास गिटारीचा आवाज आपल्या प्रत्येक घरात रोज येतो, पण तिचे नाव क्वचितच कोणी घेते. गाण्याच्या तळाशी जो जाड, गोल, घुमणारा स्वर चालत असतो, तो तिचा. ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा काढून टाकला तर ठेका जसा पोकळ वाटेल, तसे बास काढल्यावर गाणे पोकळ वाटते. हिंदी चित्रपटसंगीतात राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यातील टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी हे काम वर्षानुवर्षे केले. गाणे सगळ्यांना पाठ आहे, वादकाचे नाव थोड्यांना.

या वाद्याला साधारणपणे चार तारा असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. हा स्वर इतका खालचा आहे की मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून तो नीट बाहेरच पडत नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

हिशेबनिसाने बनवलेले वाद्य

आज जिला इलेक्ट्रिक बास म्हणतात, तिचा साचा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फुलरटन या गावी घडला. घडवणारा लिओ फेंडर हा 1909 साली जन्मलेला माणूस शिक्षणाने हिशेबनीस होता. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा त्याने 600 डॉलर उसने घेऊन 1938 मध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. गंमत अशी की त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुकानात येणाऱ्या वादकांच्या तक्रारी तो कान देऊन ऐकत असे.

त्या काळी बासचा स्वर काढायला माणसाएवढे उंच, उभे राहून वाजवायचे व्हायोलिनच्या जातीचे वाद्य वापरत. ते गाडीत मावत नसे आणि मोठ्या बँडमध्ये ऐकू येत नसे. शिवाय त्यावर सतारीसारखे पडदे नसल्यामुळे नेमक्या स्वरावर बोट पडायला वर्षांची मेहनत लागे. लिओ फेंडरने 1951 मध्ये गळ्यात अडकवता येईल अशी, विजेवर वाजणारी आणि पडदे म्हणजे फ्रेट बसवलेली बास काढली. फ्रेटमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन बास’. 1957 मध्ये तिच्या पिकअपची, म्हणजे तारेचे कंप विजेत बदलणाऱ्या चुंबकाच्या भागाची, रचना बदलली. 1960 मध्ये बारीक दांडीची आणि दोन पिकअपची ‘जाझ बास’ आली.

हिशेबनिसाचे डोके कुठे दिसते? या गिटारीची दांडी अंगाला सरसाने चिकटवलेली नाही, स्क्रूने आवळलेली आहे. दांडी खराब झाली तर दांडी बदला, पिकअप गेला तर पिकअप बदला. सुटे भाग सुटेसुटे बनवा आणि शेवटी जोडा. यामुळे वाद्य बनवायला पिढीजात कारागिराची गरज उरली नाही. शिकवलेला कामगार ते बनवू शकला. फेंडरच्या कारखान्यात अबिगेल इबारा नावाच्या बाईंनी 1956 पासून 2013 मध्ये निवृत्त होईपर्यंत पिकअपच्या तारा गुंडाळण्याचे काम केले. त्यांच्या हातचे पिकअप पुढे जगभरचे वादक शोधत फिरू लागले. जुन्या वाद्यांचे वेड हे बऱ्याच अंशी अशा कामगारांच्या हातांचे वेड आहे, हे बाजारात कोणी सांगत नाही.

‘जुने चांगले’ हे कुठून आले?

1965 च्या जानेवारीत लिओ फेंडरने आपली कंपनी सीबीएस या बड्या उद्योगाला 1 कोटी 30 लाख डॉलरना विकली. पुढल्या काळात, विशेषतः 1970 च्या दशकात, दर्जा घसरल्याची तक्रार वादक करू लागले. जोडणी सैल, अंग जड, काम घाईचे. त्यामुळे 1965 च्या आधीच्या गिटारी शोधून घेण्याची रीत पडली आणि त्यांना ‘व्हिंटेज’ म्हणजे जुन्या चांगल्या काळातला माल असे नाव चिकटले. आज त्या मूळ गिटारींची किंमत हजारो डॉलर असते.

म्हणजे ‘जुने चांगले’ या समजुतीला एके काळी खरे कारण होते. कारखाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला, हात बदलले, तपासणी ढिली पडली. ते कारण त्या काळापुरते, त्या कारखान्यापुरते होते. पण कारण मागे राहिले आणि म्हण तेवढी पुढे आली. आता जी काही वस्तू दहा-पंधरा वर्षांची झाली, तिला ती म्हण लावली जाते. आपल्याला नेमके हेच तपासायचे आहे.

स्क्वायर: स्वस्त भावंडाची जन्मकथा

1970 च्या दशकाच्या अखेरीस जपानी कारखाने जुन्या फेंडर गिटारींच्या इतक्या चांगल्या नकला करू लागले की मूळ कंपनीला त्या डोईजड झाल्या. तेव्हा फेंडरने जपानमध्येच भागीदारी करून 1982 मध्ये ‘स्क्वायर’ नावाने स्वस्त गिटारी काढल्या. त्या मात्सुमोतो येथील फुजिगेन कारखान्यात बनत. हे नावही जुनेच होते. जेरोम स्क्वायर हा इंग्लंडहून अमेरिकेतील मिशिगन राज्यात आलेला, शेती आणि जोडे बनवण्याचे काम करणारा माणूस व्हायोलिनही घडवीत असे. त्याच्या मुलाची तारा बनवण्याची कंपनी फेंडरने 1965 मध्ये विकत घेतली होती. ते नाव कपाटात पडून होते, ते बाहेर काढले.

पहिल्या जपानी स्क्वायरच्या क्रमांकाची सुरुवात ‘जेव्ही’ या अक्षरांनी होते. त्या गिटारी आज स्वस्त राहिलेल्या नाहीत. पुढे जपानी चलन महागले तसे हे काम कोरियात गेले, मग चीन आणि इंडोनेशियात. 1990 च्या आगेमागे ‘स्क्वायर टू’ नावाच्या काही गिटारी आपल्या भारतातही बनल्या. ज्या देशात मजुरी कमी, तिथे कारखाना जातो. हा नियम कापडाला लागू आहे तसा गिटारीलाही. दर वेळी असेच झाले आहे: ज्या देशाच्या मालाला आज नाक मुरडतात, त्याच मालाला वीस वर्षांनी ‘आता असा बनत नाही’ म्हणून जास्त पैसे देतात. जपानचे झाले, कोरियाचे झाले, आता चीनचे चालू आहे.

दोन पिढ्या, एकच नाव

आता मुख्य प्रश्न. 2008 मध्ये स्क्वायरने ‘क्लासिक व्हाइब’ नावाची मालिका काढली. 1950 आणि 1960 च्या दशकांतील गिटारींचे रूप, पण कामगार माणसाला झेपेल अशी किंमत, हे तिचे सूत्र. पहिल्या पिढीच्या बास चीनमध्ये बनल्या. 2019 मध्ये मालिका नव्याने मांडली गेली आणि मुख्य उत्पादन इंडोनेशियात गेले. ‘व्हिंटेज मॉडिफाइड’ नावाची दुसरी मालिका बंद करून तिच्यातले काही नमुने यात घेतले. त्यामुळे 1970 च्या दशकाच्या धाटणीची जाझ बास आणि आखूड दांडीची मस्टँग बासही याच नावाखाली मिळू लागली.

नाव तेच असल्यामुळे बाजारात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, चीनची पहिली पिढी सरस, नवीन नुसती दिसायला. दुसरा म्हणतो, नवीच बरी. आमच्या ओळखीतल्या एका तरुणापुढे हाच पेच आला होता. आई चार घरची कामे करणारी. मुलगा लग्नाच्या आणि जयंतीच्या कार्यक्रमांत उसनी बास घेऊन वाजवणारा. पहिल्या पिढीची वापरलेली बास विकणारा माणूस तिला नव्या कोऱ्या बासच्या जवळपास भाव सांगत होता आणि वर ‘ही व्हिंटेज आहे’ असे म्हणत होता. अशा वेळी मत बाजूला ठेवून दोन्हींची एक-एक बाब समोरासमोर मांडावी.

अंगाचे लाकूड. जुन्या पिढीतील बऱ्याच बासचे अंग बासवुड या हलक्या लाकडाचे होते. नव्या पिढीत बहुतेक ठिकाणी पॉप्लर आले. दोन्ही स्वस्त, मऊसर, वाद्याला चालणारी लाकडे. 1950 च्या दशकातील मूळ फेंडर ॲश आणि नंतर आल्डर या लाकडांच्या होत्या. म्हणजे लाकडाच्या बाबतीत जुनीही मूळ बरहुकूम नाही आणि नवीही नाही.

फ्रेट. जुन्या पिढीत रुंद आणि मध्यम उंचीचे फ्रेट होते. नव्या पिढीत अरुंद आणि उंच फ्रेट बसवले. नव्या फ्रेटवर बोट हलके ठेवले तरी स्वर लागतो. फार जोरात दाबणाऱ्याचा स्वर मात्र किंचित चढतो. सवयीचा प्रश्न आहे, दर्जाचा नाही.

फिंगरबोर्डची गोलाई. मूळ गिटारीचा फिंगरबोर्ड जास्त गोल, म्हणजे 7.25 इंच त्रिज्येचा असे. क्लासिक व्हाइबच्या दोन्ही पिढ्यांत तो 9.5 इंचांचा, म्हणजे अधिक सपाट आहे. ज्याला ‘अगदी जुन्यासारखी’ म्हणून विकतात, ती इथेही दोन्ही वेळा जुन्यासारखी नाही. बोटांना मात्र हे सोयीचे आहे.

पिकअप. दोन्ही पिढ्यांत अॅल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाचे पिकअप आहेत. घडण वेगवेगळी असली तरी जात एकच. प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांचा असतो आणि त्यामुळे विजेची घरघर आपोआप कमी होते. जाझ बासचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की घरघर जाते, एकच उघडला की येते. हा दोष नव्हे, ही रचनाच आहे. घेताना घाबरू नये.

पॉलिश. मूळ गिटारीवर नायट्रोसेल्युलोजचे पातळ पॉलिश असे, ते वर्षांनी झिजते आणि सुंदर दिसते. क्लासिक व्हाइबच्या दोन्ही पिढ्यांवर पॉलियुरेथेनचे जाड, टिकाऊ पॉलिश आहे. ते तसे झिजत नाही. त्यामुळे ‘वर्षांनी हिचा रंग खुलेल’ या बोलण्याला अर्थ नाही.

शिसव आणि ऐन

एक फरक मात्र डोळ्याला चटकन दिसतो आणि तो आपल्या मातीशी जोडलेला आहे. जुन्या पिढीतील 1960 च्या धाटणीच्या बासला रोझवुडचा, म्हणजे शिसवीच्या जातीच्या लाकडाचा गडद फिंगरबोर्ड होता. नव्या पिढीला ‘इंडियन लॉरेल’चा आहे. नाव इंग्रजी असले तरी हे झाड परके नाही. हा आपला ऐन. सह्याद्रीत आणि विदर्भाच्या जंगलांत उभा असलेला, मगरीच्या पाठीसारखी साल असलेला. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ज्याच्या पानांवर टसरचे किडे पोसतात, तोच.

बदल का झाला? शिसवी लाकडाची जगभर चोरटी तोड वाढली होती. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराने 2 जानेवारी 2017 पासून शिसवीच्या साऱ्या जातकुळीला परवान्याच्या यादीत घातले. गिटारीचा एक फिंगरबोर्ड सीमेपलीकडे न्यायचा तरी कागदपत्रे लागू लागली. स्वस्त गिटारीला हा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून कंपन्यांनी दुसरी लाकडे धरली. पुढे 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर घडी बसली होती.

म्हणजे ऐन आला तो जंगल वाचवण्याच्या नियमामुळे. त्याच्यामुळे आवाज बिघडला, असे म्हणायला आधार नाही. ऐन दिसायला जरा फिका आणि कोरडा वाटतो, एवढेच. फिंगरबोर्डसाठी मिळणारे तेल वर्षातून एक-दोनदा पुसून घेतले की त्याचा रंग खुलतो. घरातले खोबरेल किंवा गोडे तेल मात्र लावू नये. ते चिकट होते, खवट होते.

वाजवणारा हात

मग आवाजात फरक कशाचा पडतो? यासाठी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातील जेम्स जेमरसन या कृष्णवर्णीय वादकाचे उदाहरण घ्यावे. 1960 च्या दशकात मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत बास वाजवली ती त्याने. वाद्य म्हणजे 1962 ची साधी प्रिसिजन बास. तारा जाड आणि सपाट वेटोळ्याच्या. त्या तो शक्यतो बदलत नसे. उजव्या हाताचे एकच बोट तो वापरी. एवढ्यावर त्याने जगभरच्या बासवादनाची दिशा बदलली.

इथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. ज्या बासला आज ‘व्हिंटेज’ म्हणून पूजतात, ती त्याच्या हातात वाजत होती तेव्हा अवघी दोन-चार वर्षांची होती. त्याने जुनेपण वाजवले नाही, त्याने वाद्य वाजवले. दुसरी गोष्ट अशी की ती गाणी कोट्यवधी लोकांनी ऐकली, पण मोटाउनच्या तबकड्यांवर या वादकांची नावे 1971 पर्यंत छापली जात नव्हती. त्या वर्षी मार्विन गे यांच्या एका तबकडीवर ती आली. जेमरसन 1983 मध्ये वारला. अमेरिकेतील रॉक संगीताच्या मानाच्या दालनात त्याला 2000 साली स्थान मिळाले. पाया घालणाऱ्याचे नाव पाटीवर उशिरा येते, हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही.

तेव्हा आवाज ठरतो तो प्रथम बोटांवर, मग तारांवर, मग ॲम्प्लिफायरवर आणि त्यानंतर गिटारीवर. एकाच बासवर सपाट वेटोळ्याच्या आणि गोल वेटोळ्याच्या तारा आलटून पालटून लावल्या तर जो फरक पडतो, तो या दोन पिढ्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. मोबाइलवर ‘जुनी विरुद्ध नवी’ असे व्हिडिओ पाहून निर्णय घेणाऱ्यांनी आधी सांगितलेली गोष्ट आठवावी: बासचा तळाचा स्वर त्या स्पीकरमधून येतच नाही. जे ऐकू येते ते वरवरचे.

घेताना काय तपासावे

पिढीपेक्षा महत्त्वाची आहे ती समोरची एक वस्तू. एकाच वर्षी, एकाच कारखान्यात बनलेल्या दोन बासही सारख्या नसतात. म्हणून दुकानात किंवा कोणाच्या घरी बघायला जाल तेव्हा पुढील क्रमाने जावे.

पहिले, गिटारीच्या शेंड्याची मागची बाजू पाहावी. तिथे कोणत्या देशात बनली ते लिहिलेले असते. क्रमांकाची सुरुवात चीनसाठी ‘सी’ आणि इंडोनेशियासाठी ‘आय’ या अक्षराने होते आणि अक्षरांनंतरचे दोन आकडे सहसा वर्ष सांगतात. विकणारा सांगतो ते साल आणि इथले साल जुळते का, हे पाहायला एक मिनिट लागते.

दुसरे, दांडी. चार तारांचा मिळून 70 ते 80 किलोंचा ताण तिच्यावर सतत असतो. ती आतल्या लोखंडी सळईने, ट्रस रॉडने, सावरलेली असते. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून मधली फट पाहावी. कागद सरकेल एवढी फट ठीक. धनुष्यासारखी वाकलेली असेल तर कारागिराकडून ट्रस रॉड फिरतो की नाही हे पाहून घ्यावे. तो अडकलेला असेल तर वाद्य कितीही नावाजलेले असो, नमस्कार करून परत यावे.

तिसरे, फ्रेट. जुन्या बासमध्ये तारेखाली फ्रेटवर खाचा पडलेल्या असतात. नव्या बासमध्ये फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन बोटाला टोचतात; लाकूड सुकून आकसले की असे होते. कोकणातल्या पावसातून विदर्भाच्या उन्हाळ्यात वाद्य नेले की हा त्रास हमखास दिसतो. टोके कानसून घेणे हे छोटे काम आहे, खाचा काढणे मोठे. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून पाहावा. लाजू नये, पैसे आपले आहेत.

चौथे, वीज. ॲम्प्लिफायरला जोडून सर्व बटणे फिरवावीत, वायरीचे टोक हलवून पाहावे. खरखर झाली तर बटणाखालचा पॉट किंवा जॅक साफ करावा लागेल किंवा बदलावा लागेल. काम अवघड नाही, पण भाव ठरवताना मोजायचे.

पाचवे, वजन. गळ्यात अडकवून दहा मिनिटे उभे राहावे. कार्यक्रम तीन-चार तासांचा असतो. खांदा भरून येणारी बास कितीही गोड वाजली तरी ती घरीच राहते.

हे झाले की कागदावर दोन रकाने आखावेत. एकात नवी, दुसऱ्यात जुनी. समजा जुनी 6,000 रुपयांनी स्वस्त आहे. तारांचा नवा संच, फ्रेट समतल करणे, पॉट बदलणे, दांडीची जुळणी, या प्रत्येकाचा आकडा कारागिराकडून आधी लिहून घ्यावा. त्यांची बेरीज 6,000 च्या वर गेली तर जुनी महाग पडली. खाली राहिली, दांडी सरळ असली आणि हाताला ती बरी वाटली, तर जुनी जरूर घ्यावी. नव्या बासच्या रकान्यात हमीचे कागद हीसुद्धा एक जमेची बाब आहे. जुनीला ती नसते, म्हणून जुनीचा भाव नव्याच्या बरोबरीने कधीच मान्य करू नये. 1962 ची मूळ फेंडर ही वेगळी गोष्ट. तिची संख्या मर्यादित आहे आणि तिचे ग्राहक वेगळे आहेत. 2010 च्या चिनी बासला तो न्याय लागू होत नाही.

आणखी एक खर्च बहुतेक पालक विसरतात. बासला बासचाच ॲम्प्लिफायर लागतो. साध्या गिटारीच्या छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून जोरात वाजवली तर त्याचा स्पीकर फाटू शकतो. सगळे पैसे बासमध्ये घालून मग उसन्या ॲम्प्लिफायरच्या मागे धावण्यापेक्षा दोन्हींचा मिळून हिशेब आधी करावा. थोडी साधी बास आणि स्वतःचा छोटा ॲम्प्लिफायर ही जोडी शिकणाऱ्याला जास्त उपयोगी पडते. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि वाद्य भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावे, म्हणजे तारांचा खर्चही वाचतो.

‘ही जुनी आहे’ असे कोणी सांगितले तर त्याला एकच प्रश्न विचारावा: जुनी असल्यामुळे नेमके काय बरे आहे, ते दाखव. लाकूड, फ्रेट, दांडी, पिकअप यांपैकी काही तो दाखवू शकला तर त्याचे पैसे द्यावेत. दाखवू शकला नाही तर नुसत्या वर्षांचे पैसे देऊ नयेत. चीनच्या आणि इंडोनेशियाच्या कामगारांनी दोन्ही वेळा त्यांचे काम नीट केले आहे. उरलेले काम वाजवणाऱ्याचे आहे, आणि ते रोज अर्धा तास बसल्याशिवाय कोणत्याही सालच्या बासमधून निघत नाही.